खुब्याचं ऑपरेशन झालं, हाडाचं औषध राहिलं

बाथरूममध्ये पाय घसरला, खुबा मोडला, रॉड टाकला किंवा बॉल बदलला आणि पेशंट वॉकर धरून घरी आला. डिस्चार्ज कार्डावर पेनकिलर, पित्ताची गोळी, कॅल्शियम आणि टाके काढायची तारीख. बहुतेक घरांत उपचार इथेच थांबतो. उभ्याउभ्या नुसतं पडून सत्तरीतल्या माणसाचा खुबा मोडला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत हे तिथेच सिद्ध झालं. ऑपरेशनने मोडलेली जागा जोडली. दुसरा खुबा आणि मणके होते तसेच आहेत.

त्यामुळे ‘आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) काढू, मग ठरवू’ यात महिने घालवू नका. डेक्सात टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, म्हणतात, पण असा खुबा मोडलेल्याला स्कोअर उणे २ आला तरी औषध लागतंच. डेक्साचा खरा उपयोग पुढे दोन-तीन वर्षांनी तुलना करायला होतो, म्हणून तो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर काढायचा. ऑपरेशन झालेली बाजू मोजायची नाही, धातूमुळे आकडा चुकतो. म्हातारपणी कंबरेच्या मण्यांना काटे आलेले असतात, मणका दबलेला असतो, त्यामुळे तिथला आकडा खोटा चांगला दिसतो. अशा वेळी मनगटाजवळचं हाड मोजून घ्या. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवायची.

रक्ताच्या तपासण्या मात्र आधीच हव्यात: कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन (किडनीसाठी), व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड हार्मोन (कॅल्शियम सांभाळणारं), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारा). हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर खूप वाढलेला असेल तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून पाहणारी तपासणी. मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर कधीकधी असा मोडलेल्या हाडातूनच सापडतो. फ्रॅक्चरनंतर काही आठवडे अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं, ते हाड जुळत असल्याचं लक्षण, घाबरू नका. ऑपरेशननंतर अल्ब्युमिन उतरतं आणि त्याबरोबर कॅल्शियमही कमी दिसतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवा. अल्ब्युमिन ३ आणि कॅल्शियम ८ असेल तर खरा आकडा ८.८, म्हणजे ठीकच.

क्रिएटिनिनची गंमत वेगळी. ८० वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचं क्रिएटिनिन १.० आलं की लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’. वय आणि वजन धरून हिशोब केला तर किडनीची क्षमता मिनिटाला ३२ मिलीच्या आसपास निघते. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हे हाडाचं मुख्य औषध (पुढे येतंच) ३५ च्या खाली देत नाहीत. हा हिशोब मागून घ्यायला लाजू नका.

सगळ्यात जास्त घोळ व्हिटॅमिन डी मध्ये. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक. ही पुडी रोज घेणारे लोक आहेत, कारण चिठ्ठीवरचं ‘आठवड्याला’ कुणी नीट वाचलेलं नसतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, बरळणं. घरचे समजतात, वयामुळे. पुडी जेवणानंतर दुधातून द्या. कॅल्शियम कार्बोनेटची १२५० मिलीग्रॅमची गोळी म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम, तीही जेवणाबरोबर. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर.

आता मुख्य औषध. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलीग्रॅम, वर्षातून एकदा सलाइनमधून, निदान १५ मिनिटं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे सुरू केलेल्यांत नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. पहिले दोन आठवडे जाऊ द्यायचे, तेवढ्यात डी भरून काढायचं. डी कमी असताना दिलं तर कॅल्शियम कोसळतं. केमिस्टकडे याच औषधाची ४ मिलीग्रॅमची बाटलीही असते, ती कॅन्सरच्या पेशंटसाठी. बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. किडणारा दात आधी काढून घ्या. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरतं.

अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलीग्रॅमची आठवड्याची गोळी स्वस्त आहे, पण उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. चहाबरोबर घेतली तर वाया, घेऊन आडवं पडलं तर अन्ननलिकेला जखम. ज्यांना बसताच येत नाही त्यांना ती नकोच. किडनी कमजोर असेल तर डेनोसुमॅबचं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी. कॅल्शियमवर मात्र नजर हवी. हे मधेच सोडलं की काही महिन्यांत एकामागून एक मणके दबू शकतात, म्हणून सुरू करतानाच पुढच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. टेरिपॅराटाइडची रोजची इंजेक्शन-पेन मणके दबलेल्यांना उत्तम, पण महाग, फ्रिजमध्ये ठेवायची, जास्तीत जास्त २४ महिने, आणि संपल्यावर दुसरं औषध न चुकता.

आणि मुळात पडले का? झोपेची गोळी, प्रोस्टेटची गोळी, बीपीच्या दोन-तीन गोळ्या एकत्र: सगळ्या पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. झोपवून बीपी घ्या, उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कोणती गोळी कमी करायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतःहून बंद करू नका. गुठळी होऊ नये म्हणून चालू असलेल्या इंजेक्शन-गोळ्यांची थांबायची तारीखही त्याच भेटीत लिहून घ्या. ती बहुधा ३५ दिवसांपर्यंतच असते.