तुम्ही विचारलंत म्हणून: महासंगणकाची उत्पादकता एका आकड्यात का सांगत नाही?

आकडा हवाच असेल तर तो आहे. टॉप५०० यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा लिनपॅक या समीकरणं सोडवण्याच्या चाचणीवर महासंगणकांचा क्रम लावते. अमेरिकेतल्या फ्रंटियर या महासंगणकाने २०२२ मध्ये तिथे १.१ एक्साफ्लॉप गाठले (एक एक्साफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडी). त्याच यंत्रावर एचपीसीजी ही दुसरी चाचणी चालवा. या चाचणीत बराचसा वेळ मेमरीतून डेटा ओढण्यात जातो, आणि हाती सुमारे १४ पेटाफ्लॉप (पेटाफ्लॉप म्हणजे एक्साफ्लॉपचा हजारावा भाग) उरतात, म्हणजे आधीच्या आकड्याच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. यातला कुठला आकडा सांगू?

"मग वापराची टक्केवारी सांगा," म्हणजे यंत्र किती वेळ कामात होतं ते, असं म्हणता. तीच मला सगळ्यात जास्त खुपते.

एका संशोधक मुलीचा द्रवाच्या प्रवाहाचा कोड आमच्याकडच्या महासंगणकावर चालत होता. जॉबला, म्हणजे एका वेळी चालवायला दिलेल्या कामाला, २४ तासांची मर्यादा. चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे तोवरचं काम फाइलीत साठवताना, सगळे नोड (महासंगणकातले एकेक संगणक) एकदम फाइल सिस्टिमवर तुटून पडायचे. लिहून व्हायच्या आत वेळ संपायची, शेड्युलर, म्हणजे जॉबची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, जॉब मारून टाकायचा. अर्धवट फाइल वाचता येत नाही, म्हणून पुन्हा रांग, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी तिने प्रवाह ज्या बिंदूंवर मोजतात ती जाळी विरळ केली. जॉब वेळेत संपला, पण जे बारीक भोवरे पाहायचे होते तेच दिसेनासे झाले. आढावा बैठकीत मात्र तिचे सगळे नोड-तास (नोडांची संख्या गुणिले तास) 'वापर' या रकान्यात जमा होते. आलेख जवळजवळ भरलेला, मंडळी खूश. यातून एकही उत्तर बाहेर पडलेलं नाही, असं मी म्हणालो. "तो वापरकर्त्याचा प्रश्न आहे," असं ऐकवलं गेलं. ते माझ्या मनाला अजून लागतं.

डार्पा या अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने २००२ मध्ये हाती घेतलेल्या कार्यक्रमाच्या नावातच 'उत्पादकता' होती. चॅपेल ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यातूनच आली. कोड लिहिणाऱ्याचा वेळही खर्चात धरा, हा त्यामागचा आग्रह मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. कोड लिहायला घेतल्यापासून उत्तर हाती येईपर्यंतचा वेळ मोजा, की झालं, असं मी तेव्हा ठासून सांगायचो. आता तेवढ्याने भागत नाही. एका मोठ्या जॉबसाठी नोड मोकळे ठेवले की छोटे जॉब खोळंबतात. मग वेळ कुणाचा मोजायचा? आणि उत्तराचं मोल कोण ठरवणार?

सध्या मी अहवालात एक वेगळा रकाना मागतोय: वाया गेलेले नोड-तास, कारणासकट. पण कोसळलेल्या जॉबमधूनही कधीकधी कोडमधली चूक सापडते. ते तास वाया धरायचे की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही.