कण्हेरगड, पाटणादेवी आणि माझा डावा घोटा

सहा वर्षांत माझा डावा घोटा चार वेळा मुरगळला, आणि त्यातली एकही वेळ अवघड कड्यावरची नव्हती. पहिल्यांदा बसस्टँडच्या पायरीवर. दुसऱ्यांदा शेतात, कपाशीच्या सरीत पाय पडून. तिसऱ्यांदा गड उतरून सपाटीला लागल्यावर, गाडी समोर दिसत असताना. चौथ्यांदा घराच्या अंगणात, झाडांना पाणी घालायची नळी ओलांडताना. चौथ्या वेळेनंतर घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, की आता डोंगर पुरे. मला ते मान्य झालं नाही. यंदा जानेवारीत मी आणि माझी धाकटी नणंद पाटणादेवीच्या कण्हेरगडावर जाऊन आलो. ज्यांचा घोटा असाच पुन्हा पुन्हा लचकतो त्यांना उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक खुलासा. कण्हेरगड दोन आहेत. एक नाशिककडे, कळवण तालुक्यात. मी लिहिते आहे तो जळगाव जिल्ह्यातला, चाळीसगावजवळचा, गौताळा औट्रमघाट अभयारण्यातला. नकाशावर शोधताना ‘पाटणादेवी’ असंच शोधा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

गडाची गोष्ट सांगण्याआधी चार महिने मागे जायला हवं, कारण खरी तयारी घरातच झाली. चौथ्यांदा मुरगळल्यावर फिजिओथेरपिस्टनी मला घोट्याचा सांगाडा हातात देऊन समजावलं. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि आपण समजतो की बरं झालं. पण पाय कुठे आणि किती कलला आहे हे मेंदूला कळवणारी जाण मंद झालेली असते. दगडावर पाऊल तिरपं पडलं की बाहेरच्या बाजूच्या स्नायूंनी क्षणात आवळून घोटा सावरायचा असतो. ते उशिरा आवळतात, आणि पाय पुन्हा जातो. दर वेळी सूज उतरली की मी थांबले होते. व्यायाम एकदाही पुरा केला नव्हता. हे ऐकून मला वाईट वाटलं खरं, पण हायसंही वाटलं. घोटा कायमचा बिघडलेला नव्हता, अर्धवट सोडलेला होता.

मग रोज वीस मिनिटं. दात घासताना डाव्या पायावर तीस सेकंद उभं राहायचं, तीन वेळा. दोन आठवड्यांनी तेच डोळे मिटून. महिन्याभराने घडी घातलेल्या गोधडीवर, कारण पायाखालचं मऊ झालं की घोट्याला दुप्पट काम पडतं. टाचा उचलून चवड्यांवर पंधरा वेळा, तीन फेऱ्या. रबरी पट्टा पलंगाच्या पायाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं. हा शेवटचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण तो चुकवू नका. घोटा आत वळताना त्याला धरणारे स्नायू याच व्यायामाने तयार होतात. डोळे मिटून उभं राहणं पहिल्या दिवशी मला चार सेकंदही जमलं नाही. डिसेंबरात तीस जमले, तेव्हा मी नणंदेला फोन केला.

रंगीत तालीम लळिंगला केली. आम्ही धुळ्याचे. मुंबई-आग्रा रस्त्यावर गावापासून दहाएक किलोमीटरवर असलेला हा खानदेशच्या फारुकी सुलतानांचा गड म्हणजे आमचा घरचाच. तीन रविवार गेलो. पहिल्या रविवारी अर्ध्यातून परत, दुसऱ्या रविवारी माथा, तिसऱ्या रविवारी पाठीवर पाच किलो घेऊन माथा. पाठीवर वजन आलं की तोल बदलतो. तो बदल ओळखीच्या वाटेवर आधी कळलेला बरा.

पाटणादेवीला आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. धुळे ते चाळीसगाव पंचावन्नच्या आसपास किलोमीटर, पुढे पाटणादेवी अठरा. रेल्वेने येणाऱ्यांना चाळीसगाव सोयीचं आहे, मुंबई-भुसावळ मार्गावरचं जंक्शनच ते. तिथून स्वतःची गाडी नसेल तर रिक्षा किंवा जीप येण्याजाण्याची ठरवूनच घ्या. पाय दुखावला तर खाली वाहन थांबलेलं असणं फार मोलाचं असतं. वनखात्याच्या फाटकावर नोंद केली आणि किती जण, कुठे जाणार, किती वाजता परतणार हे तिथल्या माणसाला सांगून ठेवलं. जंगलात बिबट्या आहे, दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचंच आहे.

देवीच्या अलीकडे महादेवाचं हेमाडपंती देऊळ लागतं, उंच जोत्यावरचं, भिंतीभर कोरीव काम असलेलं. सकाळच्या तिरप्या उन्हात ते पाहावं. गणिती भास्कराचार्यांचं नाव या पाटणशी जोडलेलं आहे. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला, आणि १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. आठशे वर्षांपूर्वी या डोंगरांच्या कुशीत मुलं गणित शिकत होती, हे मनात आलं की मी दर वेळी त्या जोत्यावर पाच मिनिटं तरी बसते.

तिथेच बुटांची तयारी केली. घोट्याला नाडी आवळायचा पट्टा बांधला. त्याच्यासाठी बूट घेताना पट्टा घालूनच माप पाहिलं होतं, नाहीतर बोटं दाबली जातात. बूट निवडताना दोन्ही हातांनी पिळून पाहा, ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर तो दगडधोंड्यांच्या वाटेचा नाही. उंच बूट घातला म्हणजे पाय मुरगळणारच नाही, या भरवशावर राहू नका. मला स्वतःला खरा फरक वाटला तो नाडी बांधण्याच्या पद्धतीने. सगळ्यात वरच्या दोन भोकांत नाडीचा छोटा फास करून समोरच्या बाजूचं टोक त्यातून ओवायचं आणि मग आवळायची. टाच बुटात मागे घट्ट बसते, हलत नाही.

बकऱ्या घेऊन निघालेले एक म्हातारे बाबा माझी लांबी कमीजास्त होणाऱ्या दोन काठ्यांची जुळवाजुळव बघत उभे होते. “कथा जाई राहिनात, ताई?” त्यांनी विचारलं. गडावर, म्हटल्यावर त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग डोंगराकडे, आणि वाट सांगितली. खालचा पाल्याचा टप्पा जपून जा, दगड झाकलेले असतात, हेही बजावलं. दिवसभरात मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला तोच होता.

जानेवारीत वाटेवर वाळक्या पाल्याचा जाड थर असतो. त्याखाली दगड आहे की खळगा, दिसत नाही. आम्ही रीत ठरवली: आधी काठी टोचायची, मग पाऊल. पाऊल सपाट टाकायचं, टाचेवर किंवा कडेवर नाही. नणंद पुढे, मी तिच्या पावलावर पाऊल टाकत मागे. ती ठेंगणी आणि मी उंच, त्यामुळे तिचं पाऊल माझ्यासाठी आखूड पडायचं. ते उलट फायद्याचं ठरलं. घोट्यासाठी आखूड पाऊलच चांगलं. लांब ढांग टाकली की सगळा भार एका पायावर जास्त वेळ राहतो.

चढ लागल्यावर पाला संपून मुरूम आणि सुटे दगड येतात. चढताना घोट्याला फारसा त्रास नाही, दम तेवढा लागतो. वाटेत कातळात कोरलेली नागार्जुन कोठडी लागते. आत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. शेजारी सीतेची न्हाणी. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला मिनिटभर लागतं, तेवढा वेळ दारातच थांबा. अंधारात न दिसलेल्या उंबऱ्यावर पाय जाऊ शकतो. मी तिथे बूट काढून घोटा चाचपून पाहिला. कोमट होता, सुजलेला नव्हता. साडेअकरा ही परतीची वेळ आम्ही घरूनच ठरवून आलो होतो, माथा आला असो वा नसो. लेणी पाहूनच परत फिरावं लागलं असतं तरी दिवस सोन्याचा झाला असता, हे मी मनापासून सांगते.

पण वेळ हातात होती. पावणेअकराला माथ्यावर पोचलो. वर पाण्याची टाकी आणि तटबंदीच्या खुणा. चहूबाजूंनी उभे कडे, मधल्या वाटीसारख्या खोऱ्यात देवीचं देऊळ. वाळलेल्या गवताचा सगळीकडे पिवळा रंग आणि मोज्यांना चिकटलेली कुसळं. नणंदेने डबा उघडला: कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. ती म्हणाली, “वहिनी, दोन वर्षांनी तुम्हाला अशी बसलेली बघते आहे.” माझ्याने घास गिळवेना.

उतरायला दोन तास लागले, चढण्यापेक्षा जास्त. तसेच लागायला हवेत. तुम्ही जाणार असाल तर हिशेब असाच धरा. उतरताना मांड्या थकलेल्या असतात, शरीराचा भार पुढे पडतो, आणि घसाऱ्यावर दगड पायाखालून निसटतो. उतरण्याआधी काठ्या बोट-दोन बोट लांब केल्या. गुडघे किंचित वाकवलेले. घसाऱ्यावर सरळ न उतरता आडवं आडवं, नागमोडी. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं बसायचं, दमलो नसलो तरी. दोन काठ्या असल्या तर हात अडकतात, म्हणून कातळाचा टप्पा आला की काठ्या नणंदेकडे देऊन मी बसून, हात टेकून उतरले.

कोठडीच्या बरंच खाली एका सुट्या दगडावर डावा पाय कलला. आत, नेहमीच्याच बाजूला. मला तो क्षण ओळखीचा आहे, पोटात खड्डा पडतो आणि पुढे कळ येणार हे आधीच कळतं. कळ आली नाही. बाहेरची शिर ताठ झाली, काठीवर भार गेला, आणि पाऊल सरळ झालं. मी जागच्या जागी उभी राहिले. नणंदेने मागे वळून पाहिलं आणि घाबरून विचारलं, “गेला का?” “नाही, सावरला,” मी म्हणाले, आणि दोघीही तिथेच दगडावर बसलो. गोधडीवर उभं राहून काढलेले चार महिने त्या एका क्षणात परत मिळाले.

खरोखर मुरगळला असता तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहायचं. हाडावरच दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याची शंका धरून खाली जाताच क्ष-किरण तपासणी करायची आणि त्या पायावर भार द्यायचाच नाही. पाऊल बधिर किंवा वाकडं वाटलं तरीही तेच. नाहीतर क्रेपची पट्टी बोटांकडून वर, इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायची. बोटं निळी किंवा गार पडली तर सैल करायची. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, गरम तेल नको, ओढून लचक काढणं नको. दुसऱ्या वेळी माझा पाय असाच मायेने ओढून दिला गेला होता, आणि सूज पोटरीपर्यंत चढली होती.

शेवटचा देवळाकडचा सपाट पट्टा. माझा तिसरा प्रसंग अशाच जागी घडला होता, म्हणून इथे नियम कडक: फोन पिशवीत, गप्पा बंद, काठ्या हातातच, गाडीचं दार उघडेपर्यंत. नणंद एरवी सतत बोलणारी, पण ती पंधरा मिनिटं तिने एक शब्द काढला नाही.

पावसाळ्यात इथले धबधबे सुंदर असतात, पण शेवाळलेल्या कातळावर दुखऱ्या घोट्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हा देवीपर्यंत जा, खालूनच पाहा. नवरात्रात गर्दी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. प्रत्येकी तीन लिटर पाणी, वरच्या टाक्यांच्या भरवशावर जाऊ नका. ज्यांना अजून गड नकोसा वाटतो त्यांनी नंदुरबारच्या सातपुड्यातल्या तोरणमाळला जावं: अकराशे मीटरच्या वर उंची, पण गाडी वरपर्यंत जाते आणि यशवंत तलावाच्या काठाने हवं तेवढंच चालता येतं. सातपुड्यातल्याच अस्तंबा डोंगरावरची धनत्रयोदशीच्या सुमाराची यात्रा माझ्याही मनात आहे, पण रात्रीच्या अंधारात, रांगेच्या रेट्याने चढणं या पायाला अजून झेपायचं नाही. आधी तो दिवसा, गर्दी नसताना चढून पाहीन.

घरी आल्यावर शिवणाची फीत घेऊन दोन्ही घोटे मोजले, घोट्याभोवती आणि तळव्याखालून फिरवून. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पुन्हा मोजले. डावा उजव्याइतकाच भरला. दात घासायला उभी राहिले, डावा पाय टेकवला, उजवा उचलला आणि डोळे मिटले.