जुना फोन फक्त वाचायला

घरात जुना अँड्रॉइड पडलेला असेल तर विकू नका, पाचशे-हजार येतील त्यात काय होतंय. माझ्या जुन्या फोनवर मी लिनिएजओएस टाकलंय, म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी चालणारं मुक्त अँड्रॉइड. सायनोजेनमॉड नावाचं असंच आधीचं अँड्रॉइड आठवत असेल ना, 2016 च्या शेवटी ते बंद पडलं आणि त्याचाच कोड उचलून हे सुरू झालं. आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो आणि त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटोबिटो काढून ठेवा. गूगलचं मी काही टाकलंच नाही, अ‍ॅप्स सगळी एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानावरून. बँकेची अ‍ॅप्स अशा फोनवर बऱ्याचदा रुसून बसतात, पण वाचायच्या फोनवर यूपीआय हवंय कशाला? व्हॉट्सअ‍ॅपही नाही, सुख आहे.

वाचायला केओरीडर, हा ईबुकं उघडणारा प्रोग्रॅम. दिसायला रुक्ष, कारण मुळात किंडलसारख्या ई-इंक रीडरसाठी केलेला, पण समास, ओळींमधलं अंतर, फॉन्ट सगळं आपल्या हातात. मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फॉन्ट टाकलाय, तोही मुक्त लायसन्सचा, आणि ओळींमधलं अंतर जरा वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात.

खरी बोंब पुस्तकांची आहे. म्हणजे फुकट मराठी पुस्तकं आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान किती वर्षं देतंय, पण मराठीत ईबुक म्हणजे बहुतेक वेळा पीडीएफच, आणि ते पान कागदाच्या मापाचं, मोबाइलवर प्रत्येक ओळ डावीउजवीकडे सरकवत वाचायची. त्यात ते युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये केलेलं असेल तर शब्द शोधायचंही विसरा, कॉपी केलं की रोमन अक्षरांचा नुसता काला.

त्यापेक्षा मराठी विकिस्रोत बघा, विकिपीडियाचंच भावंड, मोफत पुस्तकांचं. तिथून ईपब, म्हणजे स्क्रीनप्रमाणे ओळी जुळवून घेणारी फाइल, उतरवता येतं आणि अक्षर हवं तेवढं मोठं केलं तरी मजकूर स्क्रीनमध्येच मावतो. आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून, साने गुरुजी 1950 साली गेले म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं सगळं 2011 पासून मोकळं.

नवीन पुस्तकं विकत घ्यायचीही तयारी आहे हो, पण बरीचशी दुकानाच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात आणि ती अ‍ॅप प्ले स्टोअरवर. प्रकाशकांनी बिनकुलपाचं, म्हणजे कुठल्याही अ‍ॅपमध्ये उघडणारं, ईपब विकावं, मी छापील किमतीला घेईन.