व्याख्यानाकडून वर्गाकडे : आमची वाटचाल

पुण्यात ज्येष्ठांसाठी व्याख्यान ठेवणं अवघड नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहराची ओळख आहे, तिथे ऐकायला येणारा माणूस तयारच असतो. ज्येष्ठांच्या निवासी संकुलांमध्ये आमच्या छोट्या फर्मनं सुरुवात केली तीही व्याख्यानांनीच. आठवड्याला एक वक्ता, तासभर विषय, शेवटी चहा. खुर्च्या भरायच्या. पण महिन्याभरानं मागच्या विषयातलं काय हाताशी उरलं असं विचारलं, तर वक्त्याचं नाव आणि एखादा किस्सा, एवढंच निघायचं. ऐकणारा श्रोता असतो, करून पाहणारा विद्यार्थी. आम्हाला विद्यार्थी हवे होते, म्हणून व्याख्यानं जवळजवळ बंद केली आणि वर्ग सुरू केले. आज मोडी लिपी, संस्कृत, सुगम गायन, पुण्याचा इतिहास आणि स्मार्टफोन असे पाच विषय नेमानं चालतात.

प्रत्येक वर्ग आठ आठवड्यांचा, आठवड्यातून दोनदा. याहून लांब अभ्यासक्रम संकुलात टिकत नाही, कारण बरेच जण सहा-सहा महिने परदेशी मुलांकडे जातात आणि मे महिन्यात नातवंडं इकडे येतात. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. आमची सत्रं यांच्या मधल्या जागेत बसवलेली आहेत: जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत एक, दिवाळीनंतर एक, संक्रांतीनंतर एक. ऑक्टोबरच्या तुकड्या वेळात फक्त तीन आठवड्यांचा फोनचा वर्ग. तो तेव्हाच का, ते पुढे येईल.

सकाळची वेळ आधी दहाची होती, ती अकरा केली. रक्तदाबासाठी अनेकांना सकाळी लघवी वाढवणारी गोळी असते आणि ती घेतल्यावर पहिले दोन-तीन तास वारंवार उठावं लागतं. माणूस वर्गातून उठायला संकोचतो आणि मग येणंच सोडतो. आता ३५ मिनिटं वर्ग, १० मिनिटं सुट्टी, पुन्हा २५ मिनिटं वर्ग, आणि सव्वाबाराच्या आधी सगळे मोकळे. मधुमेहींचं जेवण लांबता कामा नये. संध्याकाळचा वर्ग साडेचारला सुरू होतो. हिवाळ्यात तो अंधार पडायच्या आत संपवतोच, कारण मोतीबिंदू असलेल्यांना परतीच्या वाटेवरच्या दिव्यांची तिरीप सहन होत नाही.

सगळ्यांत जास्त शिकलो ते ऐकू येण्याबद्दल. वयानुसार कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. भाषेत हे आवाज म्हणजे स, श, फ, थ, च. त्यामुळे माणूस म्हणतो, “आवाज येतोय, पण शब्द कळत नाही.” ते अगदी खरं असतं. शिक्षक यावर ओरडायला लागतो आणि घोळ वाढतो, कारण ओरडताना स्वर मोठे होतात आणि व्यंजनं आणखी दबतात. मराठीत आकड्यांची अडचण वेगळीच आहे. साठ आणि आठ, सहा आणि दहा, एकोणसाठ आणि एकोणसत्तर. इतिहासाच्या वर्गात सन नुसता तोंडी सांगायचा नाही, फळ्यावर लिहूनच सांगायचा, हा आमचा नियम आहे.

दुसरा शत्रू म्हणजे क्लबहाऊसचं सभागृह. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उंच छत. शब्द घुमतो आणि श्रवणयंत्र त्या घुमण्यासकट सगळंच मोठं करतं. आम्ही शक्यतो लहान खोली मागतो. ती मिळाली नाही, तर काचांवर जाड पडदे, खाली सतरंजी (कडा चिकटपट्टीनं पक्क्या, नाहीतर पाय अडकतो) आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावतो. चौदा माणसं, रांगा नाहीत, दोन अर्धवर्तुळं. सर्वांत लांबची खुर्ची शिक्षकापासून बारा-तेरा फुटांच्या आत. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि माइकच्या पुढे. मागे ठेवला तर शिट्टी वाजते. शिक्षकानं खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ दिसतात. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा दिसतो आणि अर्धी समज जाते. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. हे शेवटचं शिक्षकांना सर्वांत जड जातं.

डोळ्यांचंही तसंच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. खोली अंधारून प्रोजेक्टर लावला की वहीत काही लिहिता येत नाही, म्हणून आम्ही प्रोजेक्टर काढून टाकला. छापील पानांवर अक्षर १८ पॉइंट, दोन ओळींत दीडपट अंतर, कागद किंचित पिवळसर आणि बिनचकाकीचा, छपाई एकाच बाजूला. देवनागरीला इंग्रजीपेक्षा मोठं अक्षर लागतं, कारण अनुस्वार, रफार, मात्रा हे सगळं शिरोरेषेच्या वर दाटीनं बसतं आणि लहान टाइपात आधी तेच दिसेनासं होतं. डोळ्यातलं भिंग पिवळसर झालं की गडद निळा आणि काळा सारखेच भासतात. म्हणून फळ्यावर फक्त काळा आणि लाल.

मोडीचा वर्ग आमचा सर्वांत जुना. या वयाच्या लोकांच्या घरात मोडीतली कागदपत्रं खरोखरच असतात: खरेदीखतं, वाटणीपत्रं, एखादी जमाखर्चाची वही. बऱ्याच जणांनी आई-वडिलांना मोडी लिहिताना पाहिलेलं असतं. आधी आम्ही वर्णमालेच्या क्रमानं शिकवायचो, ते चुकलं. आता आकारांच्या कुळानं शिकवतो, एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं शेजारी ठेवून. पहिल्या दिवशी अक्षर नाहीच, नुसती रेघ. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग अक्षरं तिला टांगायची. कंप असलेल्या हाताला ही रेघ मोठा आधार देते. पार्किन्सनमध्ये अक्षर ओळीगणिक लहान होत जातं. त्यासाठी कित्त्याचं पान आडवं घेतो, ओळींमध्ये १५ मिलिमीटर जागा सोडतो आणि वरची-खालची दोन्ही रेघ ठळक छापतो. पेनावर स्पंजची नळी चढवली की पकड जाड होते आणि बोटं दुखत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात बाराखडी येते आणि तिथेच गळती होते, कारण काना-उकार लागताच कितीतरी अक्षरं रूपच पालटतात. एका तासाला चारच अक्षरांची बाराखडी घ्यावी, अधिक नको. दिलासा एवढाच की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि हे मुद्दाम आधी सांगावं. पाचव्या आठवड्यापासून खऱ्या पत्रांच्या छायाप्रती. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, म्हणून पहिल्या पत्रात आम्ही शब्दांमध्ये पेन्सिलीनं उभ्या रेघा देतो, दुसऱ्यात त्या विद्यार्थ्यांनी द्यायच्या. तारखेच्या जागी ‘छ’ दिसला की पुढे हिजरी चांद्रमासाची तारीख आणि रजब, शाबान, जिल्काद असा महिना. शुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांतली, मृग नक्षत्राला सुरू होणारी कालगणना. त्याचा इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. निवृत्त बँकवाले आणि हिशेबनीस इथे सर्वांच्या पुढे जातात, आणि वर्गाचा रंगच पालटतो.

दर तासाची पहिली दहा मिनिटं वही मिटलेली. मागच्या वेळचं, मागच्या आठवड्याचं आणि तीन आठवड्यांपूर्वीचं थोडंथोडं आठवून सांगायचं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न केल्यानं गोष्ट पक्की होते. वेळ लावून परीक्षा मात्र घेत नाही. या वयात मेंदूचा वेग कमी होतो, शब्दसंपदा आणि जाण शाबूत असते, आणि घड्याळ लावलं की आपण नेमकं जे कमी झालंय तेच मोजतो. उत्तरं जोडीजोडीनं घेतो, म्हणजे ज्यांची स्मृती कमी होऊ लागली आहे त्यांनाही वर्गात मानानं बसता येतं. आमच्या वर्गांमुळे स्मृतिभ्रंश टळतो असं आम्ही पत्रकात लिहीत नाही आणि संकुलाच्या व्यवस्थापनालाही लिहू देत नाही.

आता फोन. ८० वर्षांपुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासून देता येतो, इतरांना नोव्हेंबरात. म्हणून हा वर्ग ऑक्टोबरात. वयानुसार बोटांच्या रेषा झिजतात आणि ठशाचं यंत्र नकार देतं. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आली त्यामुळे हे घरबसल्या होऊ लागलं, पण उजेड समोरून हवा आणि पापणी मिटायला सांगितल्यावर सावकाश मिटायची. पहिल्या तासाला फक्त सेटिंग: अक्षर मोठं करणं, आणि सुलभतेच्या पर्यायात जाऊन ‘स्पर्श करून धरून ठेवा’चा कालावधी वाढवणं. बोट जरा जास्त वेळ टेकलं की फोन भलताच मेनू उघडतो, आणि माणसाला वाटतं आपलंच चुकलं. बोटं कोरडी असली तर पडदा दाद देत नाही, बोट किंचित ओलसर करावं. चौघांमागे एक साहाय्यक, आणि त्याचे हात पाठीमागे. विद्यार्थ्याचा फोन हातात घेऊन ‘करून देणं’ पूर्ण बंद. यूपीआयचा सराव शेजाऱ्याला एक रुपया पाठवून. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, आणि कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही, ही दोन वाक्यं प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायची. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये तिथेच साठवून घेतो.

फ्रान्समधल्या तुलूज इथे १९७३ साली ‘तिसऱ्या वयाचं’, म्हणजे निवृत्तीनंतरच्या वयाचं, विद्यापीठ सुरू झालं. ब्रिटनमध्ये ती कल्पना पोचली तेव्हा तिथे शिकणाऱ्यांनीच शिकवायचं असं ठरलं. ती पद्धत आम्ही घेतली: एका सत्रातला तरबेज विद्यार्थी पुढच्या सत्रात साहाय्यक होतो. संकुलात निवृत्त अभियंते, प्राध्यापक, परिचारिका राहतात. त्यांना ‘आजी-आजोबा’ म्हणायचं नाही, हे प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगतो. अर्जावरच एक रकाना आहे: आपल्याला काय म्हणून हाक मारावी?

हिशेबाचं थोडक्यात. फुकट वर्गाला नावं भरपूर येतात आणि तिसऱ्या आठवड्यात खोली ओस पडते, म्हणून शुल्क घेतोच. आजारपणात चुकलेले तास पुढच्या कुठल्याही सत्रात भरून देतो, मुदत नाही. व्यवस्थापनाशी करार लेखीच करतो आणि लहान उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक बिलावर टाकतो. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानं सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. शिक्षकांचं मानधन मात्र त्याची वाट न पाहता दर महिन्याच्या पाच तारखेला.

या संक्रांतीनंतर ज्यांना खोलीबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी वर्ग सुरू करतोय. एका वेळी दोघं, २५ मिनिटं, मांडीवर ठेवायचा उतरता लाकडी फळा आणि त्याला खालून दीड इंचाची पट्टी, म्हणजे वही घसरणार नाही. वर्गाची वेळ परिचारिकेला विचारून, गोळ्यांच्या वेळा सांभाळून ठरेल. पहिला विषय मोडी. पहिल्या दिवशी तिथेही नुसती रेघ.