जोडीने लढायला शिकताना : ‘टेकन टॅग टूर्नामेंट’चा माझा अनुभव

‘टेकन टॅग टूर्नामेंट’ या हाणामारीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक खेळाडू दोन पात्रे निवडतो. त्यांतले एक लढते आणि दुसरे बाहेर थांबते. हवे तेव्हा त्यांची अदलाबदल, म्हणजे टॅग, करता येते. मात्र दोघांपैकी कोणत्याही एकाचे लाइफ, म्हणजे मार सोसण्याची ताकद, संपले की तो राउंड गेला, मग बाहेर थांबलेला जोडीदार कितीही ताजातवाना असो. हा खेळ नीट शिकण्यासाठी मी जी काही मेहनत घेतली, ती या एका नियमाचा अर्थ हातात उतरवण्यासाठीच होती, असे आज मला वाटते. चाली, कॉम्बो (एकामागून एक जोडलेले वार) आणि वेग हे सगळे हवेच, पण जखमी जोडीदाराला कधी आणि कोणत्या क्षणी बाहेर काढायचे हे ज्याला कळते, तोच या खेळात टिकतो.

नामको कंपनीची टेकन मालिका 1994 मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, सुरू झाली. 1997 साली आलेल्या ‘टेकन 3’ने तिला जगभर पोचवले आणि त्याच सिस्टिम 12 या आर्केड बोर्डावर 1999 मध्ये ‘टॅग टूर्नामेंट’ आला. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2000 मध्ये, सुधारलेल्या चित्रांसह तो प्लेस्टेशन 2 या घरगुती कन्सोलवर उपलब्ध झाला, आणि आमच्या घरात तो आला तो याच रूपात. मालिकेच्या मूळ कथानकात या खेळाला स्थान नाही, आणि हेच त्याचे सामर्थ्य आहे. कथेत जे एकमेकांना भेटू शकत नाहीत, ते इथे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ‘टेकन 3’च्या कथेत ओगर या खलपात्राच्या हल्ल्यानंतर बेपत्ता झालेली जून काझामा आणि तिचा मुलगा जिन इथे एकाच संघात खेळू शकतात, बेक दू-सान आणि त्याचा शिष्य ह्वोआरांग यांचीही जोडी लावता येते.

आमच्या घरी हा खेळ खऱ्या अर्थाने दादाचा होता. तो जिन आणि हेइहाची ही जोडी घेऊन खेळत असे आणि त्याच्यासमोर माझा एकही राउंड टिकत नसे. मला नुसती बटणे दाबायची नव्हती, हा खेळ समजून घ्यायचा होता. तेव्हा त्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती मारण्याची नव्हतीच. तो म्हणाला, “आधी मार कसा चुकवायचा ते शीक. तुझी जोडी कोणती आहे याने सध्या काहीच फरक पडत नाही.” पुढच्या काळात मी जे शिकले त्याचा क्रम याच वाक्याने ठरवला.

तरीही जोडी मात्र मी विचारपूर्वक निवडली. जून आणि जिन यांच्या लढण्यात काझामा पद्धतीच्या काही चाली समान आहेत, त्यामुळे एकीवर केलेला सराव दुसऱ्याच्या कामी येतो. जिनकडे त्याखेरीज मिशिमा या त्याच्या वडिलांकडच्या घराण्याच्या चालीही आहेत, म्हणजे पुढे शिकण्यासारखे बरेच काही शिल्लक राहते. नव्याने शिकणाऱ्याने दोन पूर्णपणे वेगळ्या शैली एकदम उचलू नयेत, असा सल्ला मी आजही देईन. दोन शैलींच्या चाली एकाच वेळी डोक्यात ठेवायच्या म्हटले, की टॅग करायचा विचार करायला जागाच उरत नाही.

टेकनमध्ये चार मूळ बटणे असतात: डावा हात, उजवा हात, डावा पाय आणि उजवा पाय. ‘टॅग टूर्नामेंट’मध्ये जोडीदार बदलण्यासाठी पाचवे बटण आले. बचावासाठी वेगळे बटण नाही. मागची दिशा दाबली की उभ्याने बचाव होतो आणि खाली-मागे दाबले की बसून. बसलेल्या पात्राच्या डोक्यावरून वरचे वार निघून जातात, पण मधले वार त्याला लागतात. उभे राहिले तर पायावरचे वार लागतात. यामुळे समोरचा आता काय करील याचा अंदाज बांधणे भाग पडते. मी सराव विभागात बसून दादाच्या दोन्ही पात्रांच्या चाली स्वतः करून पाहिल्या आणि कोणती चाल वरची, कोणती मधली, कोणती खालची हे एका वहीत लिहून काढले. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण मला त्यात रस वाटू लागला, कारण ज्या चालींची मला भीती वाटत असे त्यांतल्या कितीतरी उभ्याने सहज अडवता येतात, आणि अडवल्यावर समोरचा क्षणभर उघडा पडतो, हे लक्षात आले.

पकडींचा, म्हणजे थ्रोचा, अभ्यास यापेक्षा कठीण गेला. थ्रो बचावाने अडत नाही. तो सोडवावा लागतो. साध्या थ्रोमधून सुटण्यासाठी डाव्या किंवा उजव्या हाताचे बटण आणि काही विशेष थ्रोंसाठी दोन्ही बटणे एकदम दाबावी लागतात. कोणते बटण हे ओळखण्याची खूण समोरच्या पात्राच्या हातांत असते. डावा हात पुढे आला तर डावे बटण, उजवा आला तर उजवे, दोन्ही आले तर दोन्ही. यासाठी नजर स्वतःच्या पात्रावरून काढून समोरच्याच्या खांद्यांवर ठेवावी लागते. ही सवय लागल्यावर मला सगळा खेळच वेगळा दिसू लागला, कारण खांदे पाहणाऱ्याला थ्रोच नव्हे, तर पुष्कळसे वारही सुरू होताना दिसतात.

मागे सरकण्याचे तंत्र याच टप्प्यात आले. मागची दिशा दोनदा दाबली की पात्र झटकन मागे जाते, पण लगेच पुन्हा तसेच मागे जाता येत नाही. मधे खाली-मागे दाबून ती हालचाल तोडली आणि पुन्हा मागे दाबले, की सलग वेगाने मागे जाता येते. हे तंत्र कोरियन खेळाडूंनी नावारूपाला आणले, म्हणून जगभर त्याला कोरियन बॅकडॅश म्हणतात. ‘टॅग टूर्नामेंट’मध्ये त्याला विशेष महत्त्व आहे, कारण या खेळातल्या मैदानांना भिंती नाहीत; भिंती मालिकेत आल्या त्या ‘टेकन 4’पासून. मागे जायला अमर्याद जागा असल्यामुळे अंतर राखणारा खेळाडू समोरच्याचा वार हवेत जाऊ देतो आणि मग उत्तर देतो. माझ्या अंगठ्याला हे वळण पडायला बराच काळ लागला. ते पडले तेव्हा दादाचा सगळ्यात आवडता वार माझ्यापर्यंत पोचेनासा झाला, आणि त्याने स्वतःहून खेळाची पद्धत बदलली. मला झालेला तो पहिला खरा आनंद.

एवढे होईपर्यंत मी टॅगचे बटण फारसे वापरत नव्हते. आता त्याची पाळी आली, आणि खेळाचा गाभा इथेच आहे.

बाहेर थांबलेल्या पात्राने गमावलेल्या लाइफचा काही भाग हळूहळू भरून येतो. त्यामुळे बदल करण्याचा मोह सतत होतो. पण बदल होताना एक जण बाहेर धावतो आणि दुसरा आत धावत येतो, आणि आत येणारा त्या क्षणी नीट बचाव करू शकत नाही. समोरचा खेळाडू जवळ आणि मोकळा असेल, तर तो नेमका याच क्षणाची वाट पाहत असतो. खो-खोमध्ये चुकीच्या वेळी दिलेला खो जसा सगळा पाठलाग मोडतो, तसेच इथे होते. दादाला हे पक्के ठाऊक होते. माझी जून जखमी झाली की तो एक पाऊल मागे उभा राहून फक्त माझ्या बदलाची वाट पाही.

म्हणून बदल केव्हा सुरक्षित असतो, एवढ्याच प्रश्नावर मी सराव केला. समोरचा जमिनीवर पडलेला असताना बदल सुरक्षित असतो, पण तो पडल्या पडल्या लगेच करायला हवा. क्षणाचा विलंब झाला तर तो उठून तयार होतो. दोघांमध्ये पुष्कळ अंतर असेल तरी बदल चालतो, आणि त्यासाठीच आधी मागे सरकण्याचे तंत्र कामाला येते. सर्वांत उत्तम बदल मात्र वारातूनच होतो. समोरच्याला हवेत उडवणाऱ्या काही वारांनंतर लगेच टॅगचे बटण दाबले, तर तो हवेत असतानाच जोडीदार धावत येतो आणि कॉम्बो पुढे चालू ठेवतो. जिनचा खाली-पुढे आणि उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मी यासाठी निवडला. टॅग थ्रोमध्येही जोडीदार आत येतो, आणि किंग व आर्मर किंग यांसारख्या काही जोड्यांचे तर खास टॅग थ्रो आहेत. अशा वारातून झालेल्या बदलात जखमी जोडीदाराला विश्रांती मिळते आणि समोरच्याचे नुकसानही होते.

याला जोडून एक सुंदर बारकावा या खेळात आहे. आतला जोडीदार सतत मार खात असेल, तर बाहेरच्याची लाइफची पट्टी चमकू लागते, आणि तो त्या वेळी आत आला तर काही क्षण त्याचे वार अधिक जोरात लागतात. हा संताप किती लवकर येतो हे त्या दोघांच्या नात्यावर अवलंबून असते. खेळाच्या नियमांतच पात्रांचे परस्परसंबंध गुंफण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पुष्कळ खेळांत असे संबंध फक्त चित्रफितींपुरते असतात.

मिशिमांचा विद्युत ठोसा मी मुद्दाम शेवटी ठेवला. पुढे, मग दिशेचे बटण सोडायचे, मग खाली, आणि नंतर खाली-पुढे ही दिशा व उजव्या हाताचे बटण एकाच फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकाच चित्रात, पडले पाहिजे. हा खेळ सेकंदाला 60 फ्रेम चालतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एका सेकंदाच्या साठाव्या भागात जुळवायच्या. जुळल्या तर मुठीभोवती वीज चमकते आणि समोरचा उडतो. त्याने अडवले तरी आपल्याला लगेच उलट मार बसत नाही. डावीकडे उभे असताना मला हे बऱ्यापैकी जमू लागले, उजवीकडे उभे असताना फारसे नाही. नव्या खेळाडूंनी याच चालीपासून सुरुवात करू नये असे माझे ठाम मत आहे. बचाव आणि बदल जमले नाहीत तर या ठोशाने एखादा राउंड मिळतो, सामना मिळत नाही.

सगळ्याची एकत्र परीक्षा झाली ती आर्केड विभागाच्या शेवटच्या लढतीत. तिथे अननोन नावाची प्रतिस्पर्धी येते. जांभळट द्रवाने वेढलेले तिचे शरीर आणि पाठीशी उभी असलेली लांडग्यासारखी आकृती पाहताच दडपण येते. ती इतर पात्रांच्या शैली उचलते आणि लढता लढता त्या बदलते, त्यामुळे एका ठरावीक चालीचे पाठ केलेले उत्तर तिच्यापुढे चालत नाही. मी वहीतल्या नोंदींवर न विसंबता फक्त अंतर, खांदे आणि बदल या तीन गोष्टींवर लक्ष ठेवले. ती एकटी लढते, तिला बदली नाही. आमच्याकडे दोघे होते. म्हणून मी प्रत्येक वेळी तिला पाडल्यावर वार करण्याचा मोह टाळून आधी जोडीदार बदलला. जून थकली की जिन, जिन थकला की जून. शेवटचा वार जूनचा पडला, आणि तेव्हा दादा शेजारी बसून पाहत होता. “आता माझ्याशी खेळ,” एवढेच तो म्हणाला.

त्याच्याशी झालेल्या त्यानंतरच्या लढतींत मी जिंकू लागले, नेहमी नाही, पण लढत खरी होऊ लागली. त्याचा जिन माझ्या जिनपेक्षा आजही चांगला आहे. पण हेइहाचीचे लाइफ कमी झाले असताना त्याला बाहेर न्यायची घाई दादा करतो, आणि तो बदलाचा क्षण मी आता ओळखू शकते.

सध्या आम्ही दोघे ‘टेकन टॅग टूर्नामेंट 2’ शिकत आहोत. तो 2011 मध्ये आर्केडमध्ये आणि 2012 मध्ये घरगुती कन्सोलांवर आला. त्यात पात्रे पन्नासाहून अधिक आहेत, काही मैदानांना भिंती आहेत, टॅग असॉल्टमध्ये दोन्ही जोडीदार एकाच वेळी कॉम्बोत भाग घेतात, आणि हवे तर एकट्या पात्रासहही खेळता येते. पहिल्या खेळात अननोनचा चेहरा मला जूनच्या चेहऱ्याची आठवण करून देई. दुसऱ्या खेळाच्या शेवटी जूनच अननोनमध्ये रूपांतरित होते. दादाने या वेळी एकट्या पात्राने खेळायचे ठरवले आहे. मी जून आणि जिन ही जोडी कायम ठेवली आहे, आणि भिंतीजवळ सापडल्यावर सुरक्षित बदल कसा करायचा याचा सराव सध्या चालू आहे.