आमची वाटचाल: फ्रेमच्या दुकानातून नाण्यांच्या होल्डरपर्यंत

गोव्यातल्या फोंड्यातलं आमचं दुकान मुळात फ्रेमांचं. बाबा देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेतल्या सत्काराची मानपत्रं मढवून द्यायचे. चवथीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई यांवर वर्ष निघायचं. पुढे फोटो मोबाइलमध्येच राहायला लागले आणि दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा धूळ जास्त येऊ लागली.

नाणी आणली ती एका निवृत्त मास्तरांनी. रुमालात गुंडाळलेली सहा आहत नाणी, चांदीची, दोन हजार वर्षांहून जुनी, एकेक जेमतेम सव्वातीन ग्रॅमचं. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा, वर ठसे मारायचे, अशी ती घडवलेली. साहजिकच एकाचा आकार दुसऱ्याला मिळत नाही. मी बाजारात मिळणारी, नाणं ठेवायची गोल कॅप्सूल काढून दाखवली. नाणं आत खुळखुळलं.

"मास्तर, नाणं वाकडं आहे तुमचं."

"नाणं ठीक आहे रे, तुझा डबा गोल आहे."

पहिले होल्डर माउंटबोर्ड ब्लेडने कापून केले. आतले कोपरे फाटायचे. नंतर कुंडई औद्योगिक वसाहतीत ट्रॉफ्या करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे लेझर मशीन तासावर मिळालं. पद्धत आजही तीच आहे. नाणं दोन्ही बाजूंनी स्कॅन करतो. दोन्हीकडच्या कडेच्या रेषा एकावर एक ठेवल्या की त्या जुळत नाहीत, कारण कड तिरपी असते. मग जिथे जी रेषा बाहेर जाते ती धरतो आणि भोवती साधारण अर्धा मिलिमीटर मोकळा सोडतो. मधल्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत तेवढी खाच, वर-खाली दोन पारदर्शक पट्ट्या, चार कोपऱ्यांना बारीक स्टीलचे स्क्रू. नाणं एका बाजूला पातळ असेल तर तिथे पॉलिइथिलीन फोमची टिकली. लेझरने कापलेली कड स्पिरिटने पुसू नये, तडकते. ही अक्कल मला एक अख्खी बॅच फुकट गेल्यावर आली.

खाच कापण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, वरची बाजू कुठली? आहत नाण्यावर पाच ठसे, पाच दिशांना. कोणाला सूर्य सरळ हवा असतो, कोणाला षडरचक्र, म्हणजे सहा आऱ्यांचं चक्र. शिवराईला तो प्रश्न नाही, 'श्री राजा शिव' ही अक्षरं सरळ आली पाहिजेत, मग तांब्याचा तुकडा तिरका दिसला तरी चालेल. काही जण आकार सरळ ठेवून अक्षरं तिरकी करायला सांगतात. त्यांना मी एकदा समजावतो.

आता माझी चूक. एका गिऱ्हाइकाला शिशाच्या चार सातवाहन नाण्यांसाठी एमडीएफची पेटी करून दिली, आत मखमल. फ्रेमवाल्याचा हात, पेटी झाली सुरेख. एक पावसाळा गेला आणि नाण्यांवर पांढरी भुकटी धरली. लाकूड, एमडीएफ, त्यातला गोंद यांतून आम्लाची वाफ सुटत राहते, दमट हवेत ती शिसं खाते. एका नाण्यावर हत्ती होता. पैसे परत केले, पण सोंड कुठून आणणार होतो?

तेव्हापासून नाण्याजवळ लाकूड नाही, लोकर-मखमल नाही, रबराचा गोंद नाही. लोकर आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीची पाकिटंही नाहीत. मऊ, नव्या प्लॅस्टिकच्या चपलेसारखा वास येणारं पाकीट दिसलं तर नाणं आधी बाहेर काढा, त्यात तांब्यावर हिरवा चिकटा येतो. आणि जूनपासून पाऊस सरेपर्यंत कुठलंही नाणं थेट बंद करत नाही. आधी काही दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. फिकट हिरवी पूड सुटणारं तांबं वा काशाचं नाणं असेल तर परतच पाठवतो. त्याला आधी इलाज हवा, होल्डर नंतर.

कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, खणताना सापडलेली नाणीही लोक घेऊन येतात. त्यांना जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीचा रस्ता दाखवतो. १८७८चा कायदा आहे, सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं. शिवाय १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातली ऑर्डर आली की तिथून स्कॅन आणि जाडीची मापं मागवतो आणि इथून रिकामा होल्डर जातो.

महिन्याला पस्तीस-चाळीस होल्डर होतात. मुलगी म्हणते, बाबा, चार साचे करून ठेवू, भराभर विकू. तिचं गणित बरोबर आहे. पण मग पुन्हा गोल डबेच विकायचे.

होल्डर चिकटवून का टाकत नाही, असंही विचारतात. मास्तर अजून दर महिन्याला होल्डर उघडून नाणं हातात घेतात. आतापर्यंत तीन स्क्रू हरवलेत त्यांनी. आता प्रत्येक डबीत दोन जास्तीचे घालतो.