जायफळाची कॉफी आणि दीर्घायुष्य

कॉफीने हृदय ठणठणीत राहतं, आयुष्य वाढतं, अशी बातमी अधूनमधून फॅमिली ग्रुपवर येतेच. पाठवणारा अर्थातच कॉफीबाज असतो. चहावाले त्यावर नुसता अंगठा दाखवून गप्प बसतात.

बातमी अगदीच थाप नसते. एकेकाळी कॉफी हृदयाची वैरीण म्हणून बदनाम होती, पण तेव्हाच्या कॉफीबाजांच्या दुसऱ्या हातात बरेचदा सिगारेट असायची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चार लाख लोकांच्या अभ्यासात धूम्रपानाचा परिणाम वजा केला, तेव्हा कॉफी पिणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण उलट थोडं कमीच निघालं. आता ही कॉफीची पुण्याई, की मुळात धडधाकट माणसंच कॉफी पितात, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

माझी शंका निराळी आहे. यात आमच्या घरची कॉफी धरली आहे का? पातेल्यात सायीचं दूध, कपाला दोन चमचे साखर, उकळी फुटली की इन्स्टंट पावडर आणि वरून किसणीवर चार वेळा फिरवलेलं जायफळ. कॉफी कसली, बासुंदीची धाकटी बहीणच! अमेरिकेतल्याच टफ्ट्स विद्यापीठाचा २०२५ चा अभ्यास सांगतो, की मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी दिसला तो काळ्या किंवा अगदी कमी साखर-सायीच्या कॉफीत. कमी म्हणजे कपाला जेमतेम अर्धा चमचा साखर. संपलंच की!

एका बाबतीत मात्र आम्ही बाजी मारतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो, धातूच्या जाळीला ते तितकंसं जमत नाही. म्हणजे धातूच्या फिल्टरची दाक्षिणात्य कॉफी पिणाऱ्या माटुंग्याच्या डबरा-टंबलरवाल्यांनी जरा जपून. ते ज्या इन्स्टंट पावडरीला नाकं मुरडतात, तिच्यात कॅफेस्टॉल नावालाच असतं.

वेळेचं काय? २०२५ च्याच आणखी एका पाहणीत फायदा दिसला तो सकाळी पिणाऱ्यांना, दिवसभर घोट घेत बसणाऱ्यांना नाही. आमच्याकडे कॉफी होते रात्री, पाहुणे जेवून सैलावले की. पोटात गेलेलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असतं. त्यावर सासूबाईंचं उत्तर तयार असतं: जायफळाने झोप लागते, म्हणून तर घालायचं!

मामंजींची साखर डॉक्टरांनी तोडल्यापासून त्यांच्या कपात ती अर्धा चमचाच पडते. जायफळ दुप्पट.